काचेच्या बरण्यांत पॅन्ट्री लावताय? बरण्या सगळ्यात शेवटी आणा

बहुतेक जण सुरुवातच उलटी करतात. आधी एकसारख्या दिसणाऱ्या बरण्यांचा सेट घरात येतो, मग एका दुपारी बसून सगळं सामान त्यात ओतलं जातं, फळी छान दिसते. महिनाभराने बघाल तर पाव किलो पीठ बरणीत मावलं नाही म्हणून रबरबँड लावलेल्या पुड्यात मागे पडलेलं असतं, दोन बरण्यांत सोंडे झालेले असतात आणि एका बरणीत मैदा आहे की कॉर्नफ्लोअर हे घरात कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. बरण्यांचा यात काही दोष नाही, क्रम चुकलेला असतो.

बरोबर क्रम असा: सामान बाहेर, कीड तपासणी, फळ्यांची मापं, बरण्यांची खरेदी, धुणं-वाळवणं, भरणं, लेबल, मांडणी. यातली एक पायरी जरी पुढे-मागे झाली तरी नंतर सगळं परत उपसावं लागतं, त्यामुळे घाई असेल तर हे काम हातातच घेऊ नका.

एका दिवसात होणारं काम नाही हे. धान्य फ्रीझरमध्ये ठेवायला चार दिवस आणि बाहेर काढल्यावर नॉर्मलला यायला एक दिवस, बरण्या वाळायला एक पूर्ण दिवस, म्हणजे आठवडाभर धरून चला. प्रत्यक्ष हाताने करायचं काम मात्र दोन-तीन तासांचंच आहे.

जवळ काय ठेवायचं: किचनचा वजनकाटा, मेजरिंग टेप, रुंद तोंडाचं नरसाळं, मास्किंग टेप आणि मार्कर, काही जाड झिप बॅगा, मोठं ताट किंवा परात, स्वच्छ कोरडी फडकी. वजनकाटा नसेल तर उसना आणा पण अंदाजाने करू नका, पुढे मापांचा सगळा हिशोब त्याच्यावरच आहे.

१. सगळं बाहेर काढा, खरंच सगळं

एकेक कप्पा करून लावायचा मोह होतो, तो टाळा. एकेक कप्प्याने केलं की तीन ठिकाणी उघडलेले डाळीचे तीन पुडे एकमेकांना कधीच भेटत नाहीत. सगळं ओट्यावर किंवा टेबलावर मांडा आणि प्रकाराप्रमाणे ढीग करा, म्हणजे तांदूळ एकीकडे, डाळी-कडधान्यं एकीकडे, पिठं, साखर-मीठ, मसाले, सुकामेवा, चहा-कॉफी, बेकिंगचं सामान.

मग प्रत्येक ढिगातून तीन गोष्टी वेगळ्या करा. तारीख उलटलेलं, वास बदललेलं, आणि घरात कोणी खातच नाही असं. तारखेबद्दल एक लक्षात ठेवा, कोरड्या सामानावर 'बेस्ट बिफोर' लिहिलेलं असेल तर ती दर्जाची तारीख असते, ती उलटली म्हणजे पदार्थ लगेच घातक झाला असं नाही. 'यूज बाय' लिहिलं असेल तर मात्र ती सुरक्षिततेची तारीख, तिथे तडजोड नको.

वासाची तपासणी सगळ्यात जास्त पिठं, सुकामेवा आणि तेलबियांना लागते. अख्ख्या धान्याच्या पिठात कोंड्यासोबत अंकुराचा भागही दळलेला असतो, त्यात तेल असतं आणि ते हवेने खवट होतं. म्हणून मैदा महिनोन्महिने टिकतो आणि गव्हाचं पीठ त्याआधीच वास सोडतं. चिमूटभर तळहातावर घेऊन चोळा आणि नाकाजवळ न्या. जुन्या तेलासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला की टाकून द्या, सुंदर बरणीत घातल्याने ते सुधारणार नाही.

आता उरलेल्या सामानाची यादी करा. प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहा: आपण नेहमी केवढा पुडा आणतो, आणि तो साधारण किती दिवसांत संपतो. हा कागद सांभाळून ठेवा, बरण्या घ्यायला जाताना हाच लागणार आहे.

२. कीड आधी, बरणी नंतर

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

लोकांना वाटतं काचेची हवाबंद बरणी आणली की कीड होणार नाही. बाहेरची कीड आत शिरणार नाही हे खरं आहे, पण कीड बऱ्याचदा आतूनच येते. तांदळातल्या सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. वरून दाणा अगदी धडधाकट दिसतो. अळी आतल्या आत दाणा खाऊन वाढते आणि उबदार हवेत साधारण महिनाभरात पूर्ण वाढलेला सोंडा बाहेर पडतो. म्हणजे आज तुम्ही स्वच्छ तांदूळ स्वच्छ बरणीत भरले आणि महिन्याने आत सोंडे फिरताना दिसले तर झाकणाला शिव्या देऊन उपयोग नाही, ते तुम्हीच आत कोंडले होते. काचेचा फायदा एवढाच की ते त्या एका बरणीतच राहतात, शेजारच्या डाळीत जात नाहीत. कागदी पुडे आणि पातळ प्लास्टिक मात्र काही किडी सरळ कुरतडून पार करतात.

काय बघायचं:

दाण्यांना बारीक गोल भोकं, पुड्याच्या तळाशी भुशासारखी पूड, पीठ चाळल्यावर चाळणीत राहणारे तांबूस पोरकिडे, सुकामेवा किंवा धान्याचे दाणे एकमेकांना चिकटवणारी जाळी, आणि कपाट उघडल्यावर उडणारं छोटं पाखरू. जाळी आणि पाखरू ही एकाच किडीची दोन रूपं आहेत, त्यामुळे पाखरू मारून काम संपत नाही, जाळी कुठल्या पुड्यात आहे ते शोधावंच लागतं.

किडलेलं सामान बंद पिशवीत घालून त्याच दिवशी घराबाहेर काढा. घरातल्या कचऱ्याच्या डब्यात दोन दिवस ठेवलंत तर ती कीड परत कपाटाची वाट धरेल.

जे सामान ठीक दिसतंय पण ज्याची खात्री नाही, म्हणजे मुख्यतः तांदूळ, इतर धान्यं, कडधान्यं, पिठं, ते झिप बॅगेत चपटं पसरून भरा, एका बॅगेत किलोपेक्षा जास्त नको, आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा. चपटं का, तर मोठ्या गोळ्याच्या मध्यभागी थंडी पोचायला फार वेळ लागतो. इतक्या थंडीत अंडी, अळ्या सगळं मरतं.

थांबा: फ्रीझरमधून काढलेली बॅग लगेच उघडायची नाही. बंदच ठेवून दिवसभर बाहेर राहू द्या. गार सामानाला बाहेरची हवा लागली की त्यावर पाणी धरतं आणि तो ओलावा तुम्ही स्वतःच्या हाताने बरणीत बंद करता, मग आठवड्याभरात बुरशी.

तमालपत्र, लवंगा वगैरे टाकून कीड जाते असं बरेच जण सांगतात. टाकायच्या असतील तर टाका, त्यांच्या भरवशावर फ्रीझरची पायरी मात्र गाळू नका.

सामान बाहेर असतानाच कपाट साफ करा. व्हॅक्यूम क्लिनर असेल तर त्याच्या बारीक नळीने कोपरे, बिजागऱ्या, फळीच्या खालची बाजू आणि फळ्या अडकवायच्या त्या छोट्या भोकांतून फिरवा, पाखरांचे कोष तिथेच लपलेले असतात. फळीवर अंथरलेला जुना कागद उचलून टाका, त्याच्या खाली काय सापडेल सांगता येत नाही. मग साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करा. खायच्या सामानाच्या कपाटात कीटकनाशक फवारू नका.

३. फळ्या मोजा

प्रत्येक फळीची रुंदी, खोली आणि दोन फळ्यांमधली उंची लिहून घ्या. उंचीतून चार-पाच सेंटिमीटर वजा करा, कारण बरणी आत-बाहेर करताना हात आणि तिरकी झालेली बरणी दोघांना जागा लागते. फळीच्या उंचीला तंतोतंत बसणारी बरणी दिसायला भारी पण रोज काढायला वैताग. दाराची बिजागरी आत येत असेल तर तेवढी रुंदीही कमी धरा.

आता वजन. काच जड असते, साध्या एक लिटरच्या बरणीचंच वजन अर्धा किलो किंवा त्याहून जास्त भरतं, त्यात आठशे ग्रॅम तांदूळ धरले की एक बरणी सव्वा-दीड किलोची. अशा वीस बरण्या एका लांब फळीवर मांडल्या की पंचवीस-तीस किलो झाले. फळी लांब असेल, मध्ये आधार नसेल आणि प्लायवूडऐवजी पार्टिकल बोर्डची असेल तर ती हळूहळू मधोमध वाकते. फळीवर एक सरळ पट्टी आडवी ठेवून बघा, आताच मध्ये फट दिसत असेल तर आधी आधार लावून घ्या.

जागा निवडताना तीन ठिकाणं सोडून द्या: शेगडीच्या वर किंवा अगदी शेजारी, सिंकखाली, आणि जिथे ऊन थेट येतं अशी उघडी फळी. काच पारदर्शक आहे त्यामुळे उजेड सरळ आत जातो, मसाल्यांचा रंग उडतो, तेल असलेलं सामान लवकर खवट होतं. उघड्या फळीवरच मांडायचं असेल तर तिथे तांदूळ, साखर, मीठ असलं ठेवा आणि मसाले, सुकामेवा बंद दारामागे जाऊ द्या.

४. आता बरण्या ठरवा

माप: किलो आणि लिटर एक नाहीत

दुकानात बरणीवर लिटर लिहिलेलं असतं आणि आपल्या डोक्यात किलो असतात, सगळा गोंधळ इथून. एक लिटरच्या बरणीत साधारण एवढं बसतं:

मीठ सुमारे १२०० ग्रॅम
साखर सुमारे ८५० ग्रॅम
तांदूळ आणि बहुतेक डाळी ८०० ते ८५० ग्रॅम
मैदा, गव्हाचं पीठ ५०० ते ६०० ग्रॅम
ओट्स ३५० ते ४०० ग्रॅम

म्हणजे किलोभर पिठाला एक लिटरची बरणी निम्मीच पुरते. हिशोब सोपा आहे: पुड्याचे ग्रॅम भागिले वरचा आकडा, जे लिटर येतील त्यात पंधरा-वीस टक्के जास्त धरा, कारण चमचा-वाटी घालायला वर मोकळी जागा लागते. किलोभर पीठ म्हणजे १००० भागिले ५५०, साधारण १.८ लिटर, वरची जागा धरून बरणी हवी दोन-सव्वादोन लिटरची. किलोभर साखरेला दीड लिटर. किलोभर मिठाला एक लिटर पुरते. पहिल्या पायरीत केलेला कागद काढा आणि प्रत्येक ओळीपुढे हे लिटर लिहा.

नियम एकच, पुडा पूर्ण रिकामा होईल एवढी बरणी. दोनशे ग्रॅम उरत असतील तर तुम्ही चुकीच्या मापाची बरणी घेतलीय.

मधल्या मापाची बरणी मिळाली नाही तर मोठी घ्या, लहान नको. आणि माप तीन-चारच ठेवा, सात वेगवेगळ्या उंचीच्या बरण्या आणल्या की फळीवर काहीच एकावर एक नीट बसत नाही.

तपासा: बरणीवर लिहिलेलं माप बऱ्याचदा काठोकाठ भरल्यावरचं असतं. वजनकाट्यावर रिकामी बरणी ठेवून काटा शून्य करा आणि तुम्ही जिथपर्यंत भरणार तिथपर्यंत पाणी ओता. जेवढे ग्रॅम पाणी तेवढे मिलिलिटर.

आकार आणि तोंड

गोल बरण्या ओळीने मांडल्या की मधल्या कोपऱ्यांत जागेचा साधारण पाचवा हिस्सा फुकट जातो, चौकोनी बरण्यांत ती जागा वाचते. पण चौकोनी बरणीच्या आतल्या कोपऱ्यांत पीठ अडकतं आणि धुताना बोटं पोचत नाहीत. माझं मत विचाराल तर पिठाला, साखरेला गोल किंवा गोलसर कोपऱ्यांची, आणि डाळी-कडधान्यांना चौकोनी. तोंड एवढं मोठं पाहिजे की तुमची मूठ आत जाऊन बाहेर आली पाहिजे. निमुळत्या मानेच्या बरण्या फोटोत छान दिसतात, रोजच्या वापरात मात्र वाटी आत जात नाही म्हणून उलटी करावी लागते आणि मग अर्धं ओट्यावर.

झाकण

हवाबंद ठेवायचं काम काच करत नाही, झाकणाची रिंग करते. त्यामुळे पैसे झाकणाकडे बघून द्या.

क्लिपचं काचेचं झाकण आणि रबर रिंग, हे सगळ्यात घट्ट. रोज चार वेळा उघडायच्या बरणीला मात्र ते कंटाळवाणं होतं, महिन्याच्या साठ्याला उत्तम. आट्यांचं, म्हणजे फिरवून लावायचं, धातूचं झाकण सोयीचं, पण आत मऊ लायनिंग असेल तरच घट्ट बसतं. नसेल तर पाखराच्या बारीक अळ्या आट्यांच्या फटीतून आत जाऊ शकतात. मिठाला धातूचं झाकण नकोच, गंजतं. लाकडी किंवा बांबूच्या झाकणाला सिलिकॉनची रिंग असते आणि ते नुसतं दाबून बसतं.

सावधान: दाबून बसणाऱ्या झाकणाची बरणी झाकणाला धरून कधीच उचलू नका. झाकण हातात राहतं आणि बरणी पायावर येते. घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

घट्टपणा तपासायचा तर बरणीत थोडं पाणी घाला, झाकण लावा आणि टिश्यू पेपरवर दहा मिनिटं उलटी ठेवा. पेपर ओला झाला तर ती बरणी मसाले, साखर, बिस्किटं यांच्या कामाची नाही, अख्ख्या कडधान्याला चालेल. लाकडी झाकणावर हा प्रयोग करू नका, लाकूड फुगतं. तिथे रिंग सगळीकडून काचेला टेकतेय का ते नजरेने बघा.

जॅमच्या, सॉसच्या जुन्या बाटल्या वापरायला काहीच हरकत नाही. काच वास धरत नाही, वास धरतं ते झाकणाच्या आतलं लायनिंग. नवीन झाकण मिळालं तर बाटली नव्यासारखी. काठावर टवका उडाला असेल किंवा तळाला बारीक तडा असेल तर मात्र कितीही जीव गुंतला असला तरी ती खायच्या सामानाला वापरू नका.

५. धुवा आणि मुख्य म्हणजे वाळवा

रिंगा काढून वेगळ्या धुवा, त्यांच्या खोबणीतच घाण साठते. कोमट पाणी आणि साबण पुरे. गार बरणीत उकळतं पाणी ओतू नका, साध्या काचेला एकदम तापमान बदललेलं सहन होत नाही, आत गरम बाहेर गार असा ताण पडतो आणि तडा जातो. बोरोसिलिकेट काच हा धक्का बरीच जास्त सोसते पण साठवणीच्या बहुतेक बरण्या साध्याच काचेच्या असतात.

वाळवताना बरणी सपाट फडक्यावर पालथी घालून दिवसभर ठेवली तर आतली वाफ आतच राहते. आधी जाळीवर पालथी ठेवून पाणी निथळू द्या, तासाभराने सुलटी करा आणि तोंड उघडं ठेवून रात्रभर राहू द्या. झाकणं, रिंगा वेगळ्या पसरून. घाई म्हणून ओव्हनमध्ये किंवा गॅसजवळ नको.

तपासा: भरायच्या आधी एका बरणीला झाकण लावून काही तास ठेवा. आत धुकं धरलं तर ओलावा आहे, सगळ्या बरण्या अजून एक दिवस उघड्या. मसाल्याच्या गुठळ्या आणि साखरेचा दगड यांचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं, लोक उगाच पावसाळी हवेला दोष देतात.

६. भरा

क्रम: आधी बिनवासाचं पांढरं सामान, म्हणजे साखर, मीठ, मैदा, तांदूळ. मग डाळी-कडधान्यं. सगळ्यात शेवटी मसाले आणि चहा. नरसाळं तेच असतं, उलट केलंत तर साखरेला मिरचीचा वास लागतो. एका वेळी एकच पुडा उघडा, आणि बरणी भरली की हातासरशी मास्किंग टेपवर नाव लिहून चिकटवा, नंतर लिहू म्हणू नका. मैदा, कॉर्नफ्लोअर, तांदळाचं पीठ, पिठीसाखर, बेकिंग सोडा, हे सगळं काचेतून सारखंच दिसतं.

बरणी परातीत ठेवून भरा, सांडलेलं परत गोळा करता येतं. पीठ बसवायचं असेल तर खाली घडी घातलेलं फडकं ठेवून बरणी हलकेच आपटा, ओट्याच्या दगडावर थेट आपटलीत तर तळाला तडा. वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. भरून झाल्यावर काठ आणि आटे कोरड्या फडक्याने पुसायला विसरू नका, एखादा रव्याचा कण रिंगेखाली राहिला की झाकण घट्ट बसतच नाही.

भाजलेलं, उन्हात वाळवलेलं काहीही पूर्ण गार झाल्याशिवाय बंद करायचं नाही. हाताला गार लागलं तरी ढिगाच्या मध्यात ऊब असते, बोट खुपसून बघा.

काही गोष्टी बरणीत घालायच्याच नाहीत, किंवा वेगळ्या रीतीने:

कांदे, बटाटे, लसूण यांना हवा लागते, झाकणाच्या बरणीत कुजतात. ताज्या भाजलेल्या कॉफीच्या बिया काही दिवस कार्बन डायऑक्साईड सोडत राहतात, म्हणून त्यांच्या पाकिटाला ते छोटं व्हॉल्व्ह असतं, त्या पाकिटातच ठेवा आणि हवं तर पाकीटच बरणीत ठेवा. गव्हाचं पीठ महिना-दीड महिन्यात संपत नसेल, किंवा अक्रोड, जवस, तीळ असं तेलकट काही जास्त आणलं असेल तर बरणी फ्रिजमध्ये. ब्राऊन शुगरचं सगळं उलट, तिला ओलावा टिकवायचा असतो, सुकली की दगड, त्यामुळे तिला सगळ्यात घट्ट झाकणाची बरणी द्या.

सावधान: हवाबंद बरणी म्हणजे कॅनिंग (उष्णतेने जंतू मारून बरणी सीलबंद करणं) नव्हे. ताजी लसूण किंवा हिरव्या पानांचं काही तेलात घालून बरणीत बंद करून फळीवर ठेवू नका. हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या ओल्या जागेत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात आणि त्याचा वास किंवा रंग काही कळत नाही. ही फळी फक्त कोरड्या सामानाची.

७. लेबल

पुढे नाव, मागे तारीख. नाव बरणीच्या अंगावर लिहा, झाकणावर नाही, कारण एकाच मापाची झाकणं धुताना अदलाबदल होतात. ड्रॉवरमध्ये वरून बघायच्या बरण्या असतील तर दोन्हीकडे लिहा.

मागच्या लेबलवर पुड्यावरची तारीख जशीच्या तशी उतरवा. सोबत जे तुम्ही दरवेळी पुडा शोधून वाचता ते लिहा, म्हणजे पाण्याचं प्रमाण, शिजायचा वेळ. घरात कोणाला ॲलर्जी असेल तर पुड्याचा घटक आणि बॅच नंबर असलेला तुकडा कापून बरणीच्या मागे टेपने लावा, तो टाकून देणं ही खरंच महागात पडणारी चूक आहे.

कायमची छापील सुबक लेबलं पहिल्या दिवशी नका लावू. महिनाभर मास्किंग टेपवर चालवा, तेवढ्यात कुठली बरणी कशाला योग्य ते बदलतंच.

८. मांडणी

जड बरण्या कमरेच्या उंचीला किंवा खाली, रोजचं सामान नजरेसमोर, आणि डोक्याच्या वर काच अजिबात नाही. वरच्या फळीवर टिश्यू, हलके डबे, पिशव्या असं ठेवा. घरात लहान मूल असेल तर सगळ्यात खालची फळीही काचेला बंद.

फळी खोल असेल तर एकामागे एक तीन रांगा लावू नका, मागची रांग कायमची विसरली जाते. दोनच रांगा, मागे पुढच्याच सामानाची जादा बरणी, किंवा मग कडा असलेला लांब ट्रे, जो आख्खा पुढे ओढता येतो. छोट्या मसाल्यांच्या बाटल्यांना फिरता ट्रे बरा पडतो. बरण्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा, काचेला काच घासून टवके उडतात. फळीवर पातळ रबरी जाळीची मॅट अंथरली तर बरण्या सरकत नाहीत, फक्त ती महिन्यातून एकदा उचलून खालची सांडलवंड पुसा.

वापराप्रमाणे गट करा, रंगाप्रमाणे किंवा उंचीप्रमाणे नको. सकाळच्या चहाला जे लागतं ते एका ठिकाणी, बेकिंगचं एका ठिकाणी. उंचीप्रमाणे लावलेली फळी चहा करताना तीनदा हात लांब करायला लावते.

मसाल्याची बाटली वाफ येणाऱ्या भांड्यावर धरून थेट शिंपडायची सवय असेल तर ती मोडा, वाफ बाटलीत जाते. चमच्यात घेऊन घाला, चमचाही कोरडा.

९. पुढे चालू ठेवताना

जुन्यावर नवीन ओतायचं नाही. तळाशी राहिलेलं मूठभर पीठ वर्षभर तळाशीच राहतं आणि खवट वास तिथूनच पसरतो. थोडं उरलं असेल तर वाटीत काढा, बरणी धुवा, वाळवा, नवीन पुडा भरा, आणि ते उरलेलं त्याच आठवड्यात आधी संपवा. दरवेळी बरणी वाळायची वाट बघावी लागू नये म्हणून जास्त वापराच्या मापाच्या एक-दोन रिकाम्या बरण्या कायम हाताशी ठेवा, सेट घेतानाच जादा घेतलेल्या बऱ्या.

जादा पुड्यांसाठी एकच झाकणाचा डबा किंवा खोका ठरवा आणि त्यावर यादी लावा. खरेदीला जायच्या आधी फक्त बरण्या आणि हा खोका बघायचा. खोका भरला असेल तर नवीन काही आणायचं नाही, कितीही सूट असली तरी.

नवीन आणलेलं धान्य थेट बरणीत न जाता आधी फ्रीझरमध्ये जाऊ द्या. फ्रीझरमध्ये जागाच नसेल तर निदान महिनाभर झिप बॅगेत वेगळं ठेवा आणि मग बघून भरा.

दोन-तीन महिन्यांतून एकदा रिंगा काढून बघा. कडक झालेली, चिरलेली किंवा चिकट झालेली रिंग बदला, बरणी बदलायची गरज नसते. कडधान्यं फार जुनी झाली की उष्ण-दमट हवेत ती अशी होतात की कितीही भिजवा नीट शिजतच नाहीत, त्यामुळे मागच्या लेबलवरची तारीख वर्षाच्या पुढे गेलेला राजमा पुढच्या रांगेत आणा आणि आधी तो काढा.

आणि फळीवर एखादी बरणी फुटलीच, तर तिच्यातलं सामान चाळून, निवडून वाचवायचा विचार करू नका, सरळ टाका. आसपासच्या ज्या बरण्यांची झाकणं त्या वेळी उघडी होती त्यांच्यातलंही. बंद असलेल्या बरण्या बाहेरून ओल्या फडक्याने पुसा, फडकं फेकून द्या, फळी व्हॅक्यूमने साफ करा आणि टॉर्च आडवा धरून एकदा बघा, आडव्या उजेडात राहिलेले बारीक कण चमकतात.